जुन्या सागवानाची इलेक्ट्रिक गिटार आणि खानदेशची हवा: जाणकारांचा सल्ला हवा आहे

रंधेवाला, अमळनेर

नमस्कार मंडळी. घरी पिढीजात फर्निचरचे काम असल्यामुळे लाकूड हाताला सरावाचे आहे, आणि गेली काही वर्षे दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी इलेक्ट्रिक गिटारीही घडवतो. आजवरच्या गिटारी मित्रांसाठी होत्या. ऋतू बदलला की त्या माझ्याकडेच परत यायच्या आणि मी पुन्हा जुळवून द्यायचो. आता प्रथमच चोपड्याच्या एका ऑर्केस्ट्रातील वादकाने बयाणा देऊन रीतसर ऑर्डर दिली आहे, आणि हे वाद्य एकदा हातातून गेले की वर्षभर मंचावर उभे राहिले पाहिजे, ही त्याची रास्त अपेक्षा आहे.

लग्नसराईत आणि कानबाईच्या उत्सवात तो सलग तीन-चार तास उभ्याने वाजवतो, म्हणून गिटार खांद्याला जड होता कामा नये. अहिराणी गाण्यांच्या साथीला त्याला स्वच्छ, टोकदार स्वर लागतो, तर हिंदी गाण्यांमध्ये भरदार डिस्टॉर्शन. त्यामुळे दोन हमबकर पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे दुहेरी कॉइलचे भाग) हवेत आणि प्रत्येकाची एक कॉइल स्विचने बंद करता आली पाहिजे. स्केल (तारेची वाजणारी लांबी) त्याच्या सध्याच्या गिटारीएवढेच, म्हणजे 24.75 इंच, असा आग्रह आहे. खरी मेख पुढे आहे. त्याच्या आजोबांचे गावातले घर नुकतेच पाडले, त्यातली एक सागवानी तुळई त्याने माझ्या शेडमध्ये आणून टाकली आहे, आणि बॉडी व नेक दोन्ही तिच्यातूनच निघावेत असे त्याला वाटते. गिटार तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीआधी हवी, म्हणजे सगळे काम ऐन पावसाळ्यात होणार.

तेव्हा तुळई वापरावी का आणि वापरली तर कुठे, पावसाळ्यात केलेली नेक मे महिन्यात सरळ कशी राहील, आणि पिकअप बाहेरून न मागवता इथेच गुंडाळून घेता येतील का, याविषयी ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना मिस्त्री, धुळे

रंधेवाला भाऊ, तुळईपासून सुरुवात करतो, कारण गिऱ्हाइकाचा जीव तिच्यात अडकलेला आहे. जुन्या घरातले लाकूड आता हलायचे तेवढे हलून झाले, असे आपण सुतार मंडळी सर्रास म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. लाकूड कितीही जुने असले तरी हवेतला ओलावा घेणे आणि सोडणे ते थांबवत नाही, आणि जाड तुळई चिरली की आतापर्यंत एकमेकांना धरून बसलेले आतले ताण मोकळे होऊन फळ्यांना बाक येतो. म्हणून फळ्या हव्या त्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर जाड चिराव्यात, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात, काही आठवडे तशाच राहू द्याव्यात आणि मगच अखेरचा रंधा मारावा. चिरण्याआधी खिळे शोधण्यासाठी लोहचुंबक सगळीकडून फिरवा. जुन्या तुळईत डोके तुटलेला खिळा हमखास असतो आणि तो राउटरच्या बिटला सापडला तर बिटही जाते आणि फळीही.

आता वजन पाहू. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या घाटाची, 44-45 मिलिमीटर जाडीची बॉडी घेतली तर खाचा वगळून तिचे घनफळ साधारण चार लिटर भरते. सागवान घनमीटरला सुमारे 650 किलो असते, म्हणजे नुसती बॉडी 2.6 किलोची झाली. अमेरिकी कारखान्यांत वापरतात ते अल्डर 450 किलोच्या आसपास असते, म्हणजे तीच बॉडी 1.8 किलोत बसते. नेक, खुंट्या आणि ब्रिज धरले की तुमची सागवानी गिटार चार किलोच्या पुढे जाईल, आणि तीन तास उभ्याने वाजवणाऱ्याला हे परवडणार नाही.

माझ्या मते तुळईतून आठ मिलिमीटरची फळी काढावी, ती मधोमध उघडून पुस्तकाच्या पानांसारखी जोडावी आणि बॉडीच्या दर्शनी बाजूला तेवढीच लावावी. खालचा गाभा शिवण किंवा तूण या झाडांच्या लाकडाचा ठेवावा. मिरजेचे कारागीर सतार आणि तानपुऱ्यासाठी तुणाचे लाकूड वापरत आले आहेत, आणि तूण हे महोगनीच्याच कुळातले झाड आहे. ते हलके असते, पटाशीला मऊ लागते आणि त्यात पेचही चांगला बसतो. गाभ्यात दोन पोकळ्या ठेवल्या तर वजन आणखी उतरते. ब्रिजखालची आणि नेकच्या खाचेभोवतीची जागा मात्र भरीव राहू द्या. आजोबांची तुळई डोळ्यांसमोर राहते आणि खांद्यावर येत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगितले तर तो ऐकेल. सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे चिकटवण्याच्या अगदी आधी रंधा मारून पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून घ्यावा, नाहीतर सांधा वर्षभराने सुटतो. त्याचा भुसा कित्येकांच्या कातडीला आणि नाकाला सोसत नाही, तेव्हा मास्क लावूनच घासकाम करा.

नेकसाठी तुळई नको. तिच्यात गाभ्याची मधली शीर कुठे आहे हे चिरल्याशिवाय कळत नाही, आणि नेकला तर अशीच फळी लागते जिच्या टोकाकडून पाहिले असता वाढीची वर्तुळे फ्रेटबोर्डच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी दिसतात. सागवान असो की शिसव, लाकूड वर्तुळांच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या साधारण निम्मेच त्या दिशेला काटकोनात आकसते. वखारीत जाऊन अशी सरळ रेषांची, गाठ नसलेली फळी स्वतः निवडा, तिच्या तीन पट्ट्या पाडा, मधली पट्टी उलटी करून चिकटवा आणि दोन्ही बाजूंनी घट्ट होणारा ट्रसरॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) घाला. 10 ते 46 च्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या जाडीच्या) तारांचा संच 25.5 इंच स्केलवर नेहमीच्या स्वरांत लावला की एकूण ताण सुमारे 47 किलो येतो, तुमच्या 24.75 वर तो 44 किलोच्या आसपास राहील. हा ताण रात्रंदिवस एकाच दिशेने ओढत असतो, म्हणून नेकचा आकार काढताना एका बैठकीत पूर्ण करू नये. ओबडधोबड कापून ठेवावी, पुन्हा सरळपट्टी लावून पाहावी, वाकली असेल तेवढी रंधून घ्यावी आणि मगच पुढे जावे.

आणि नेक बॉडीला पेचांनीच जोडा, चिकटवू नका. आपल्या हवेत ती कधी ना कधी काढावी लागणारच.

तापीकाठ, भुसावळ

मिस्त्रीकाकांनी लाकडाचे सांगितले, मी हवेचे सांगतो. माझ्याकडे हार्मोनियम, बेंजो पार्टीचे बेंजो आणि गिटारी दुरुस्तीला येतात, आणि येणाऱ्या तक्रारी महिन्यानुसार ठरलेल्या असतात. मे महिन्यात गिटारवाले येतात ते फ्रेटची टोके बोटाला कापतात म्हणून, आणि ऑगस्टमध्ये येतात ते तारा फ्रेटवर खणखणतात म्हणून.

हवेची सापेक्ष आर्द्रता 20 टक्के असेल तर लाकडातला ओलावा कालांतराने साडेचार टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आणि 80 टक्के असेल तर 16 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी पहिली स्थिती असते आणि श्रावणात दुसरी. लाकूड सावकाश चालते, वरून पॉलिश असते, म्हणून ते दोन्ही टोके गाठत नाही; तरी फ्रेटबोर्डचा ओलावा 12 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आला असे धरू. शिसवाची फळी आडव्या कापाची असेल तर 56 मिलिमीटर रुंदीला ती 0.6 मिलिमीटरहून थोडी जास्त आकसते, म्हणजे प्रत्येक कडेला सुमारे 0.3 मिलिमीटर. फ्रेटची धातूची पट्टी तर आकसत नाही. ती तेवढीच बाहेर डोकावते आणि तळहाताला करवतीसारखी लागते. उभ्या वर्तुळांची फळी निवडली तर हाच आकडा निम्म्यावर येतो, म्हणून मिस्त्रीकाकांचा आग्रह केवळ नेकपुरता न ठेवता फ्रेटबोर्डलाही लावावा.

पावसाळ्यात काम करायचेच असेल तर एक सुकवणपेटी करा. प्लायवूडचे जुने कपाट चालते. तळाशी जुन्या पद्धतीचा 60 वॉटचा तापणारा बल्ब लावा, एलईडीचा काही उपयोग नाही, वर-खाली हवेसाठी लहान भोके ठेवा आणि आत आर्द्रतामापक टांगा. आत 40 ते 45 टक्के आर्द्रता राखली की लाकडाचा ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तो आपल्या दोन टोकांच्या मधला आकडा असल्यामुळे गिटार नंतर कोणत्याही दिशेला गेली तरी फार दूर जात नाही. अगदी कोरडे करण्याचा मोह टाळा, कारण चार-पाच टक्क्यांवर बसवलेले फ्रेट श्रावणात लाकूड फुगले की खाचेत जास्तच आवळले जातात आणि नेकला मागे बाक देतात. फ्रेटबोर्ड आणि नेकचे तुकडे पेटीत ठेवा, मधूनमधून वजनकाट्यावर ठेवून वजन लिहीत जा, आणि वजन उतरायचे थांबले की मगच जोडकामाला घ्या. ओलावा मोजायचे यंत्र नसले तरी वजनाचा हा हिशेब पुरेसा आहे.

जोडतानाही पाण्याचा विचार करावा. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये पाणी असते. ते फ्रेटबोर्डच्या फक्त खालच्या बाजूला लागते, ती बाजू फुगते आणि नेक मागे वाकते. तो बाक काही दिवसांत बराचसा उतरतो, पण त्याआधीच तुम्ही फ्रेटबोर्ड घासून सरळ केलात तर नंतर उलटा बाक येतो. म्हणून तिथे इपॉक्सी वापरा, किंवा शिकंजे काढल्यावर आठवडाभर पेटीत ठेवून मगच पुढचे काम करा. शिवाय पांढरा गोंद सततच्या ताणाखाली उन्हात हळूहळू सरकतो. बंद गाडीच्या डिकीत आपल्या उन्हाळ्यात काय होते ते सांगायला नको, तेव्हा जिथे तारांचा ताण सांध्यावर येतो, विशेषतः हेडस्टॉकच्या तिरप्या सांध्यात, तिथे साधा पांढरा गोंद मी कधीच वापरत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी विचारात घेत नाही, ती म्हणजे कूलर. मे महिन्यात शेडमधली हवा कोरडी ठणठणीत असते, पण वादकाच्या घरी रात्रभर वाळ्याचा कूलर चालू असतो आणि गिटार नेमकी त्याच्या झोतासमोरच्या भिंतीला टांगलेली असते. दिवसा कोरडी, रात्री दमट, असे रोजचे हेलकावे नेकला एका ऋतूत जेवढे सोसावे लागत नाहीत तेवढे एका महिन्यात सोसावे लागतात. गिटार देताना त्या वादकाला लेखी सांगा की वाजवून झाली की ती पेटीत गेली पाहिजे.

तारकरी, जळगाव

पिकअपविषयी मी लिहितो. आमचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे आणि शेतीपंपांच्या हंगामातून वेळ मिळाला की मी बेंजोचे आणि गिटारीचे पिकअप गुंडाळतो. इथे गुंडाळून घेता येतात, निःसंशय. पण तार मागताना जपा. अमेरिकी पुस्तकांत 42 गेज लिहिलेले असते ते त्यांच्या मापाचे, आणि त्या तारेची जाडी 0.063 मिलिमीटर असते. आपल्या बाजारात मात्र एसडब्ल्यूजी हे ब्रिटिश तारमाप चालते. तुम्ही दुकानात जाऊन 42 नंबर मागितलात तर दुकानदार 0.10 मिलिमीटरची तार देईल, तिचा छेद अडीच पटींहून मोठा असेल, आणि बॉबिन निम्मे वेढेही न घेता भरून जाईल. मागायची ती 46 नंबरची एनॅमल तार, ती 0.061 मिलिमीटरची असते आणि हिशेब जवळपास जुळतो. ही तार केसापेक्षा नाजूक आहे. ती पंपाच्या वाइंडिंग मशीनवर चालत नाही, त्यासाठी आकडा दाखवणारे हलके ट्रान्सफॉर्मरचे मशीन घ्यावे आणि तार दोन बोटांत मऊ फेल्टचा तुकडा धरून त्यातून सोडावी.

हमबकरला दोन कॉइल असतात, प्रत्येकीला साधारण 5000 वेढे, आणि दोन्ही मिळून रोध आठ हजार ओहमच्या आसपास येतो. हा रोध मोजताना ऋतू लक्षात ठेवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 20 अंशांना 8000 ओहम दाखवणारा पिकअप आपल्या 45 अंशांच्या दुपारी 8800 च्या जवळ दाखवतो. परदेशी माहितीपत्रकातला आकडा पाहून मे महिन्यात वेढे कमी करत बसलात तर पिकअप अशक्त होईल. वेढे मोजावेत, ओहम नव्हे. बॉबिनसाठी हायलम शीट उत्तम. आमच्याच धंद्यातली असल्यामुळे सहज मिळते आणि उन्हात वाकत नाही.

गुंडाळल्यानंतर मेणात बुडवणे टाळू नका, नाहीतर मोठ्या आवाजात कॉइलमधली सैल तार थरथरते आणि शिट्टी वाजू लागते. पॅराफिनमध्ये पाचवा हिस्सा मधमाश्यांचे मेण घालून, भांड्यात भांडे ठेवून, 65 अंशांच्या आसपास तापवावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप आत ठेवावा. मेण थेट आगीवर कधीही तापवू नये. पॅराफिन वितळबिंदू जास्त असलेले घ्या. हलक्या प्रतीचे मेण तापलेल्या गाडीत मऊ पडते.

आता गुणगुण. सिंगल कॉइल भोवतालच्या विजेचा 50 हर्ट्झचा आवाज आणि त्याच्या पटीतले स्वर उचलते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये हमबकर तयार केला तो याच त्रासावर: दोन कॉइल उलट दिशांना जोडायच्या आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवायचे, म्हणजे तारेचा स्वर बेरजेत येतो आणि विजेची गुणगुण वजा होते. तुमचा वादक कॉइल बंद करील तेव्हा ती गुणगुण परत येणार, आणि लग्नाच्या मांडवात जनरेटर व एलईडीच्या माळा असताना चांगलीच येणार. त्यावर उपाय असा की दोन पिकअपपैकी एकाची पेचांची कॉइल चालू ठेवावी आणि दुसऱ्याची बिनपेचांची. मग स्विच मधोमध असताना दोन्ही मिळून पुन्हा हमबकरचेच काम करतात. खाचांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा आणि तिचे सगळे तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडा.

आणि हे तर अवश्य करा: गिटारीच्या तारा ब्रिजमधून अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, त्यामुळे मांडवातल्या वायरिंगला अर्थिंग नसेल आणि अॅम्पमध्ये गळती असेल, तर वादकाचा ओठ माइकला लागताच झटका बसतो. त्याला स्वतःचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावलेला एक्स्टेंशन बोर्ड करून द्या.

सहावी तार, नंदुरबार

मी वाजवणारा आहे, घडवणारा नाही, तरी दोन मुद्दे मांडतो. पहिला वजनापेक्षा तोलाचा. मंचावर त्रास देते ती जड गिटार नव्हे, तर जिची नेक सारखी खाली झुकते ती. कारण डावा हात सूर धरायचा सोडून नेकला आधार देत बसतो. पट्ट्याचे वरचे बटण जेवढे बाराव्या फ्रेटच्या जवळ येईल तेवढा तोल चांगला राहतो, म्हणून बॉडीचे वरचे शिंग तिथपर्यंत न्यावे आणि खुंट्या हलक्या घ्याव्यात. तुम्ही बॉडी तुणाची आणि पोकळ केलीत तर हा धोका आणखी वाढेल. म्हणून लाकूड कापण्याआधी पूर्ण मापाचे रेखाचित्र प्लायवूडवर काढा, तेवढाच तुकडा कापा, त्याला नेकएवढे वजन बांधा आणि वादकाच्या गळ्यात अडकवून त्याला उभे करा. पाहिजे तर उजव्या हाताची जागाही तिथेच खडूने आखून घ्या.

दुसरा मुद्दा मिस्त्रीकाकांना कदाचित पटणार नाही, पण इलेक्ट्रिक गिटारीच्या आवाजात बॉडीच्या लाकडाचा वाटा जेवढा सांगितला जातो तेवढा नसतो, असे माझे मत आहे. पिकअप, त्याची जागा आणि तारेपासूनचे अंतर, फ्रेट व नट (नेकच्या टोकाला तारा टेकवणारी पट्टी) यांची बसणी, आणि शेवटी अॅम्प, यांचा परिणाम कितीतरी मोठा आहे. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांनी 1950 च्या सुमारास पेचांनी जोडलेली नेक आणली ती दुरुस्तीच्या सोयीसाठी, आणि 1956 च्या सुमारास अॅश सोडून बहुतांश बॉडी अल्डरच्या केल्या त्याही लाकूड सहज मिळते म्हणून. तेव्हा आवाजासाठी सागवान की तूण यावर रात्र घालवण्यापेक्षा तोच वेळ फ्रेटच्या खाचांवर द्यावा. 24.75 इंच म्हणजे 628.65 मिलिमीटर. त्याला 17.817 ने भागले की पहिला फ्रेट नटपासून 35.28 वर येतो, दुसरा 68.59 वर, आणि बारावा बरोबर मध्यावर, 314.3 वर. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. मागच्या फ्रेटपासून पुढच्याचे माप घेत गेलात तर प्रत्येक वेळची केसभर चूक साठत जाते आणि बाराव्या फ्रेटपाशी वाद्य कायमचे बेसूर होते. ते मग कोणत्याही ब्रिजने सुधारत नाही.

रंधेवाला, अमळनेर

सर्वांचे मनापासून आभार. तुळईतून फक्त वरची फळी काढायची हे त्या वादकाला आज फोनवर सांगितले. थोडा हिरमुसला, पण वजनाचे आकडे ऐकल्यावर कबूल झाला. प्लायवूडचा नमुना गळ्यात अडकवायला तो रविवारी येणार आहे. नेकसाठी सरळ रेषांचे सागवान आणि फ्रेटबोर्डला शिसव, असे ठरवले आहे.

दोन गोष्टी उरल्या. त्याला दर्शनी बाजू नैसर्गिक आणि मागची बाजू गडद लाल हवी आहे. पावसाळ्यात स्प्रे मारायचा कसा? आणि हेडस्टॉकवर एका नामांकित अमेरिकी कंपनीचे नाव घालून द्या, असेही तो म्हणतो आहे.

जुना मिस्त्री, धुळे

नाव घालू नका. हेडस्टॉकचा विशिष्ट घाट आणि कंपनीचे नाव हे नोंदलेले व्यापारचिन्ह असते. फेंडरच्या बॉडीच्या घाटाचे निराळे आहे. अमेरिकेत 2009 मध्ये फेंडर कंपनीला तिच्या बॉडींचे घाट व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मिळाले नाहीत. तेव्हा बॉडीचा तो ओळखीचा घाट चालेल, हेडस्टॉक मात्र स्वतःचा काढा आणि स्वतःचेच नाव कोरा. तुमचे नाव असलेली गिटार मांडवात दहा वादकांना दिसते, ही कमाई लहान नाही.

नंदुरबारच्या भाऊंचे लाकडाविषयीचे मत मला पूर्ण पटलेले नाही, पण तोलाविषयी ते बरोबर सांगत आहेत.

आता स्प्रे. लाल रंगासाठी गॅरेजवाल्याकडचा ड्युको चालतो; फेंडरच्या जुन्या रंगीत गिटारींवरही ड्यूपाँट कंपनीचे मोटारींचेच रंग असत. नायट्रोसेल्युलोज लॅकर असो की ड्युको, दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतले पाणी त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. म्हणून झड लागलेली असताना स्प्रे मारू नये. पावसाने उघडीप दिली की दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान मारावा आणि थिनरमध्ये थोडा सावकाश उडणारा रिटार्डर मिसळावा. उन्हाळ्यात नेमकी उलटी तऱ्हा असते: रंग बंदुकीतून बाहेर पडून लाकडावर बसेपर्यंतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, तेव्हा मे महिन्यात भल्या सकाळी काम उरकावे लागते. दोन घटक मिसळायचे पीयू पावसाळ्यात तुलनेने कमी त्रास देते, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. साध्या कापडी रुमालावर ते काम करू नका, कार्बन गाळणीचा मास्कच हवा.

सागवानी फळीवर आधी चपड्याचा पातळ हात मारा, म्हणजे लाकडातले तेल वरच्या लॅकरला अडवणार नाही. फ्रेटबोर्डवर मात्र काहीच लावू नका. शिसवाला अधूनमधून तेलाचे बोट पुरते. नेकच्या मागच्या बाजूला जाड चकाकी नको, घामेजल्या हाताला ती चिकटते. तिथे पातळ हात मारून बारीक पॉलिश पेपरने मंद करावी. लॅकर सुकल्यासारखे दिसले तरी घासून चकाकी आणण्याआधी तीन-चार आठवडे थांबा, आणि हे आठवडे तुळशीच्या लग्नाच्या हिशेबात आत्ताच धरून ठेवा.

तारकरी, जळगाव

एक गोष्ट राहिली होती. दोन्ही पिकअप एकाच कारागिराकडून आले नाहीत किंवा वायरींचे रंग जुळत नसले, तर कोणती कॉइल कोणत्या दिशेची हे सोल्डर करण्याआधी तपासून घ्या, नाहीतर दोन्ही एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा येतो. त्यासाठी काट्याचा जुना मल्टिमीटर हवा, आकडे दाखवणारा तेवढा पटकन हलत नाही. मीटर ओहमवर ठेवून एका कॉइलची दोन टोके जोडा, त्या कॉइलच्या ध्रुवांवर स्क्रूड्रायव्हरचे पाते टेकवा आणि झटक्यात वर उचला. काटा क्षणभर उजवीकडे किंवा डावीकडे उडी मारतो. मीटरच्या लाल वायरीला लागलेल्या टोकावर, काटा ज्या बाजूला गेला ती बाजू लिहून चिठ्ठी चिकटवा, आणि उरलेल्या तिन्ही कॉइलच्या वायरी अशा धरा की पाते उचलताना काटा त्याच बाजूला जाईल. लाल वायरीकडची चारही टोके मग एकाच जातीची झाली. एका पिकअपमध्ये पहिल्या कॉइलचे बिनचिठ्ठीचे टोक दुसरीच्या चिठ्ठीच्या टोकाला जोडायचे आणि तिथूनच स्विचची वायर काढायची. दोन्ही पिकअपना चार वायरी आणि वर वेगळी जाळी अशीच केबल लावा, म्हणजे उद्या वादकाने वेगळी जोडणी मागितली तर पिकअप उघडावा लागणार नाही. हमबकरला 500 किलोओहमचे पॉट (आवाज-टोन कमीजास्त करणारी फिरती बटणे) आणि टोनला 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. 250 चे पॉट घातले तर दोन्ही कॉइल चालू असताना आवाज दबतो. अमळनेरहून जळगावला येणे होईल तेव्हा बॉबिन घेऊन या, मशीनवर बसून दोघे मिळून गुंडाळू.